‘केसरी’ची पहिली सात वर्षे : मतस्वातंत्र्य आणि संपादकीय जबाबदारी

महाराष्ट्रातील वृत्तपत्रस्वातंत्र्याचा इतिहास बहुधा सरकार आणि संपादक यांच्यातील संघर्षाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लॉर्ड लिटन यांचा १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, टिळकांवरील १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले या ठळक घटना पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु काय छापावे, काय छापू नये आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न सरकारचा हात आड येत नसतानाही संपादकापुढे उभा राहतोच. १८८१ ते १८८७ या सात वर्षांत ‘केसरी’च्या चालकांना तो दोन वेळा, आणि दोन अगदी भिन्न स्वरूपांत, सोडवावा लागला.

‘केसरी’ हे एका व्यक्तीचे पत्र नव्हते. १८८० च्या अखेरीस त्याचे जे उद्देशपत्रक निघाले, त्यावर विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी, वामन शिवराम आपटे व गर्दे अशा सहा जणांच्या सह्या होत्या. पत्रकर्त्याच्या लेखणीला त्यात रात्री रस्त्यावर लागणाऱ्या दिव्यांची व फिरणाऱ्या गस्तीची उपमा दिलेली आहे. या उपमेतच पुढील अडचणींचे बीज होते. दिव्याने दिसते ते खरे असावे लागते, आणि गस्त घालणाऱ्याने भलत्यालाच धरले तर त्याला जाब द्यावा लागतो. ४ जानेवारी १८८१ रोजी पहिला अंक निघाला. संपादकत्व आगरकरांकडे आले, तर ‘मराठा’ या इंग्रजी पत्राचे टिळकांकडे.

पहिली कसोटी वर्षभरातच लागली. कोल्हापूरचे महाराज चौथे शिवाजी यांना वेड लागले असे अधिकारी सांगत. उलट त्यांचा छळ होत आहे अशी लोकांत बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या काही पत्रांच्या आधाराने या पत्रांनी बर्वे यांच्यावर कडक आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. दिलगिरी व्यक्त करूनही उपयोग झाला नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, लिटन यांच्या कायद्याचा येथे काही संबंध नव्हता. रिपन यांच्या कारकीर्दीत तो रद्दच झाला होता. खटला चालला तो १८६० च्या दंडसंहितेतील साध्या अब्रुनुकसानीच्या कलमाखाली. लोकहितासाठी केलेले खरे विधान गुन्हा ठरत नाही, असा अपवाद त्या कलमातच होता. म्हणजे लोकहिताचा हेतू पुरेसा नव्हता; सत्याचा पुरावाही हवा होता, आणि नेमका तोच ढासळला. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगर येथे, देखरेखीवरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अंत झाला. त्यांच्याविषयी लोकांना वाटणारी काळजी अनाठायी नव्हती, हे त्यावरून दिसते. तथापि चिंता खरी असली म्हणून पुरावा खरा ठरत नाही. आणि खोट्या पुराव्याने नुकसान एकट्या आरोपिताचेच होते असे नाही. ज्याची बाजू घ्यायची त्या पीडिताचीही बाजू दुबळी होते.

याच खटल्यातील एक उपकथा उद्बोधक आहे. ज्या जोतीराव फुल्यांवर चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त कठोर टीका केली होती, त्यांच्याच सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी या दोघा संपादकांसाठी दहा हजार रुपयांचा जामीन भरला. मतभेद कितीही तीव्र असला तरी प्रतिपक्षाची लेखणी तुरुंगात पडू नये, ही भावना त्या काळीही होती, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

दुसरी कसोटी न्यायालयाबाहेरची. मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि सामाजिक सुधारणेचा वाद पेटला. लगोलग रखमाबाईंच्या खटल्याने तो अधिकच भडकला. सुधारणेसाठी प्रसंगी कायद्याचे साहाय्य घ्यावे असे आगरकरांचे मत. परकी सरकारने यात हात घालू नये, समाज आधी शिक्षणाने तयार व्हावा, असे टिळकांचे. येथे सत्यासत्याचा निवाडा करण्यासारखे काही नव्हते. दोन्ही मते प्रामाणिक होती. अडचण होती ती अग्रलेखातील ‘आम्ही’ या शब्दाची. निनावी अग्रलेख सर्व चालकांच्या वतीने बोलतो. मग बहुसंख्य सहकाऱ्यांना अमान्य असलेले मत संपादकाने त्या ‘आम्ही’च्या नावाने मांडावे काय? उलट, संपादकाने आपले मत गिळून दुसऱ्यांचे मांडावे, हे तरी कितपत न्याय्य?

आगरकरांनी यावर राजीनाम्याचा मार्ग पत्करला. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढील वर्षी १५ ऑक्टोबरला ‘सुधारक’ काढला; त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. कोणी कोणाचे तोंड बंद केले नाही, उलट पुण्याला एकाऐवजी दोन स्पष्ट आवाज मिळाले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोन्ही बाजू पूर्ण जोराने मांडल्या गेल्या, त्या यामुळेच.

परंतु या तोडग्याची किंमतही मोजावी लागली. एकाच पत्राच्या वाचकाला दोन्ही मते शेजारी शेजारी वाचावयास मिळण्याचा संभव संपला. ज्याचा त्याचा वाचक आपापल्या पत्रापाशी स्थिरावला आणि वादाला वैराचे रूप आले. आगरकर जिवंत असता पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत सनातन्यांची मजल गेली. कायदा त्यांना बोलू देत होता, सहकाऱ्यांपासून ते मुक्त झाले होते. समाजाचा धाक मात्र उरलाच. त्या धाकापुढे न नमता १७ जून १८९५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी लेखन चालू ठेवले. त्यांचा मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला.

या दोन प्रसंगांवरून मर्यादेचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात. वस्तुस्थितीचे विधान छापण्यापूर्वी पारखून घेणे हे संपादकाचे कर्तव्य होय आणि तेथील शैथिल्याचे समर्थन मतस्वातंत्र्याच्या नावाने होऊ शकत नाही. मताची गोष्ट निराळी. तेथे संपादकमंडळाला आपल्या पत्राचे धोरण ठरविण्याचा अधिकार आहे; पण तो न्याय्य ठरतो तो मतभेद असणाऱ्याला दुसरे व्यासपीठ उभारण्याची मोकळीक असेल तोवरच. १८८२ मध्ये ‘केसरी’चे चालक पहिल्या कसोटीस उतरले नाहीत. १८८७ मध्ये दुसरीस ते उतरले, ते मुख्यतः आगरकरांनी पदरमोड करून नवे पत्र उभे करण्याची हिंमत दाखविली म्हणून.