मल्लश्रेष्ठत्वाचा वाद (पुणे शहर)

कुस्तीत सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, आणि त्याचे श्रेष्ठत्व कोणत्या कसोटीने व कोणाच्या निवाड्याने ठरावे, याविषयी पुण्याच्या तालमींत, पेठांत आणि कुस्तीच्या फडांवर उत्तर पेशवाईपासून चालत आलेला वाद. या वादाला पुण्यात विशेष महत्त्व आले, याची कारणे दोन. पेशव्यांची राजधानी म्हणून परमुलखातील मल्ल आपल्या कीर्तीवर शिक्कामोर्तब करून घेण्यासाठी या शहरात येत, हे पहिले. आणि ज्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने स्वातंत्र्योत्तर काळात ‘महाराष्ट्र केसरी’ या किताबाची प्रथा पाडली, तिचा कारभार पुण्यातूनच चालला, हे दुसरे. मल्ल घडविण्याच्या कामी राजाश्रयाच्या बळावर कोल्हापूरने अग्रमान मिळविला. मल्लांची प्रतवारी लावण्याचे काम मात्र पुष्कळ अंशी पुण्याकडे आले, आणि त्या कामातील यशापयशाची हकिकत हाच या वादाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) निजामाच्या मुलखातून अली व गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्यास आले, आणि पेशव्यांनी आपल्याशी लढेल असा मल्ल उभा करावा, नपेक्षा जयपत्र लिहून द्यावे, अशी मागणी त्यांनी दरबारात केली, अशी परंपरागत कथा आहे. हे आव्हान बाळंभटदादा देवधर (सु. १७८०–१८५२) या तरुणाने स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगी गडावर अनुष्ठान व मेहनत केली आणि परत येऊन अलीला आखाड्यात पराभूत केले. मल्लखांबाच्या विद्येचा उगम याच अनुष्ठानात झाला, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत मानले जाते. कथेतील साक्षात्काराचा भाग श्रद्धेचा आहे. परंतु तिच्यात येणारा जयपत्राचा उल्लेख या विषयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये असा आहे. मल्लाच्या अंगी बळ कितीही असले, तरी त्याचे श्रेष्ठत्व सर्वमान्य होण्यास दरबारची मोहोर उमटलेला दस्तऐवज लागे, आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या काळी निर्विवाद होते. १८१८ मध्ये पेशवाई अस्तंगत झाली, तेव्हा हा अधिकारही लयास गेला. त्याची जागा घेणारी संस्था उभी राहण्यास त्यापुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

या मधल्या काळात श्रेष्ठत्वाची मोजदाद तालमींनी आपापल्या परीने केली. लहुजी राघोजी साळवे (१७९४–१८८१) यांची गंज पेठेतील तालीम हे त्याचे थोर उदाहरण होय. मातंग समाजात जन्मलेल्या, आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईत पिता गमावलेल्या या वस्तादाच्या हाताखाली कुस्ती, दांडपट्टा आणि तलवार शिकण्यास सर्व जातींचे तरुण येत. जोतीराव फुले आणि वासुदेव बळवंत फडके यांची नावे त्यांत सांगितली जातात. लहुजींनी किती फड मारले, याची गणती कोणी ठेवली नाही. त्यांच्या हाताखालून कोण माणसे निघाली, हे मात्र महाराष्ट्र विसरला नाही. वस्तादाचे मोठेपण पठ्ठ्यांवरून ओळखावे, ही पुण्याच्या तालमींची कसोटी अशा माणसांमुळे रूढ झाली.

तालमी : चिंचेची तालीम, गुलशे तालीम, जगोबादादा तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, शिवरामदादा तालीम आदी तालमींनी जुन्या पेठांतील तरुणांच्या कित्येक पिढ्यांना जोर, बैठका आणि लढत यांचे वळण लावले. तालमींची काही नावे कुस्तीपलीकडेही शहराच्या जीवनात रुजली. १८८७ पासून चालत आलेला गुरुजी तालमीचा गणपती, जो पुण्याच्या मानाच्या गणपतींत तिसरा आहे, त्याची साक्ष देतो. तालमीतील हौद्याची लाल माती ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मळलेली असे; तिच्यात उतरण्यापूर्वी मातीला वंदन करणे, वस्तादाच्या पाया पडणे आणि लढतीनंतर प्रतिस्पर्ध्याला आलिंगन देणे, हे कुस्तीचे अलिखित कायदे होत. अमक्याची ढाक मोठी की तमक्याची टांग, अमक्याचा कब्जा सुटत नाही तर तमक्याचा दम सरत नाही, अशी चर्चा मेहनतीनंतर थंडाईच्या भांड्याभोवती चाले, आणि तिचा शेवट बहुधा नवी जोड ठरविण्यात होई. अर्थात वादातून मैदान आणि मैदानातून निकाल, हा तालमीचा सरळ मार्ग होता.

किताबाची स्थापना : मुळशी तालुक्यातील मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. गावोगावच्या जत्रांतून इनामावर लढणाऱ्या मल्लांना एका नियमावलीखाली आणणे, वजनगट पाडणे आणि राज्याचा एक सर्वमान्य विजेता ठरविणे हे तिचे उद्दिष्ट होते. १९६१ साली औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथे दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. प्रारंभीच्या दशकांत काही वर्षी अंतिम कुस्ती निकाली न झाल्यामुळे हा मान कोणालाच दिला गेला नाही. किताब रिकामा राहिला तरी चालेल, परंतु तो संशयित निकालावर देऊ नये, हा त्यामागील कटाक्ष स्मरणीय आहे. पुण्यात १९७० साली झालेल्या अधिवेशनात कोल्हापूरचे दादू चौगुले विजयी झाले आणि पुढील वर्षी अलिबाग येथे त्यांनी तो मान राखला. मामासाहेबांच्या पश्चात विजेत्यास त्यांच्या स्मरणार्थ चांदीची गदा देण्याचा प्रघात मोहोळ कुटुंबीयांनी चालू ठेवला. स्पर्धेचे माती आणि गादी असे दोन विभाग असून प्रत्येकातील अव्वल मल्ल गदेसाठी परस्परांशी लढतात. महिलांसाठी हा किताब २०२३ साली सांगली येथे प्रथम लढविला गेला व तो प्रतीक्षा बागडी यांनी जिंकला.

श्रेष्ठत्वाच्या कसोट्या : वादात चार कसोट्या पुढे केल्या जातात, आणि एकीचा कौल दुसरीशी जुळेल, असा भरवसा नसतो.

पहिली कसोटी निकाली कुस्तीची. मातीवरील जुन्या पद्धतीत गुण नसत. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस टेकली की तो चीत, आणि तसे होईपर्यंत कुस्ती चालू. या कसोटीचे अभिमानी हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव घेतात. लातूर जिल्ह्यातून आलेल्या या मल्लाने १९६९ साली महाराष्ट्र केसरी पद मिळविले, आणि १९७७ साली बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालसारख्या बलाढ्य मल्लास चीतपट केले. एका कुस्तीने कीर्ती कशी कायम होते, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

दुसरी कसोटी किताबाच्या संख्येची. नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी ओळीने तीन-तीन वेळा गदा पटकावली. यांतील चौधरी यांचा तिसरा विजय पुण्यातील वारजे येथे, घरच्या मैदानावर लढणाऱ्या अभिजित कटके यांच्याविरुद्ध होता. आणि पुढल्याच वर्षी भूगाव येथे शिवरामदादा तालमीच्या या कटके यांनी साताऱ्याच्या किरण भगत यांचा पराभव करून गदा पुण्यास आणली.

तिसरी कसोटी आंतरराष्ट्रीय पदकांची. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हलक्या वजनगटात लढले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी सुवर्णपदके जिंकली. अलीकडील काळात पुण्यात घडलेले राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळविले. गदेसाठीचा गट जड वजनाच्या मल्लांचा असल्यामुळे जाधव किंवा आवारे यांच्यासारख्यांना तो मान मिळणे संभवनीयच नव्हते. म्हणून केवळ गदा पाहून श्रेष्ठत्व ठरविणारा मनुष्य महाराष्ट्राच्या सर्वोत्तम यशाकडेच पाठ फिरवितो.

चौथी कसोटी वस्तादकीची, आणि पुण्याचा खरा अधिकार या कसोटीवर आहे. बिराजदार यांनी उत्तरायुष्यात गोकुळ वस्ताद तालमीत शिष्य घडविले. त्यांचे शिष्य, ग्रीको-रोमन प्रकारातील अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार यांनी कात्रजजवळ आंबेगाव येथे आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभारले. आणि आवारे यांना या गुरुशिष्य दोघांचेही मार्गदर्शन लाभले. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडी येथे झालेल्या अंतिम लढतीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके हे दोघेही पवार यांचेच पठ्ठे समोरासमोर आले व सदगीर विजयी झाले. निकाल कोणताही लागो, गदा एकाच संकुलात जाणार, हे त्या दिवशी ठरलेले होते. वस्तादाच्या श्रेष्ठत्वाचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

परदेशातील तुलना : बलवानांची प्रतवारी लावण्याची हौस सार्वत्रिक आहे. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत, संघातील कुशल खेळाडूंना दांडगाईपासून संरक्षण देण्यासाठी मारामारीत तरबेज असा एखादा खेळाडू बाळगण्याची प्रथा दीर्घकाळ होती, आणि त्यांत श्रेष्ठ कोण, यावर तेथील रसिक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालीत आले आहेत. तेथे मारामारीबद्दल पाच मिनिटे मैदानाबाहेर बसण्याची शिक्षा होते. परंतु मारामारीचा विजेता जाहीर करणारा पंच नसतो. त्यामुळे वादकांच्या हाती शिक्षेच्या मिनिटांचा आकडाच तेवढा उरतो. डेव्ह शुल्ट्झ यांची १९७४-७५ च्या एका हंगामातील ४७२ मिनिटे आणि ‘टायगर’ विल्यम्स यांची संपूर्ण कारकीर्दीतील जवळजवळ चार हजार मिनिटे हे त्यांतील उच्चांक होत. हे आकडे अपराधांचे आहेत, विजयांचे नव्हेत. डेरेक बूगार्ड या खेळाडूच्या २०११ मधील अकाली मृत्यूनंतर त्याच्या मेंदूस वारंवारच्या आघातांनी झालेली हानी उघडकीस आली, तेव्हा या प्रथेची किंमत साऱ्यांना कळली. कुस्तीचे भाग्य असे, की तिच्यात प्रतिस्पर्ध्याला इजा न करता जिंकता येते, आणि जिंकल्याचा निवाडा देणारा मनुष्य आखाड्यातच उभा असतो. म्हणून त्या मनुष्याची प्रतिष्ठा हा कुस्तीचा आधारस्तंभ ठरतो.

निवाड्याचे तंटे : अलीकडील वर्षांत याच आधारस्तंभाला धक्के बसले. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूड येथे झालेल्या स्पर्धेत महेंद्र गायकवाड यांनी सिकंदर शेख यांच्यावर टाकलेल्या बाहेरच्या टांगेस पंचांनी चार गुण दिले. शेख यांची पाठ खरोखर धोक्याच्या स्थितीत आली होती काय, यावर महाराष्ट्रभर रणे माजली आणि पंचास धमकावण्यापर्यंत काहींची मजल गेली. अंतिम कुस्ती राजगुरुनगरच्या शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना चीतपट करून जिंकली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात याहून गंभीर प्रकार घडला. संघटनेत फूट पडून दोन गटांनी स्वतंत्र स्पर्धा भरविल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेख आणि धाराशिव येथे शिवराज राक्षे असे दोन महाराष्ट्र केसरी एकाच महिन्यात जाहीर झाले. २०२५ सालीही अहिल्यानगर आणि कर्जत अशा दोन स्पर्धा होऊन दोन विजेते ठरले. त्यांपैकी अहिल्यानगर येथे मुळशीचे पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्धच्या लढतीत राक्षे यांना चीतपट घोषित करण्यात आले. त्यांनी चित्रफितीच्या फेरतपासणीची मागणी केली, ती मान्य झाली नाही, आणि संतापाच्या भरात त्यांनी पंचास लाथ मारली. अंतिम फेरीत गायकवाड यांनीही निकालाबद्दल नाराज होऊन गादी सोडली. दोघांनाही तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा सुनावण्यात आली.

मूल्यमापन : पंचावर हात किंवा पाय उगारणे हे कोणत्याही स्थितीत असमर्थनीयच होय, परंतु ज्याची हरकत ऐकून घेण्याची व्यवस्था नाही, किंवा असूनही चालविली जात नाही, त्या मल्लाच्या मनात अन्यायाची भावना निर्माण होणे अपरिहार्य आहे, हेही तितकेच खरे. वर्षभर पहाटे उठून मेहनत करणारा, खुराकासाठी घरची जमीन गहाण पडल्याचे पाहणारा शेतकऱ्याचा मुलगा सहा मिनिटांच्या लढतीत आपले सर्वस्व पणास लावतो. त्याला दिला जाणारा निवाडा संशयातीत असावा, एवढी त्याची मागणी रास्तच आहे. श्रेष्ठ मल्ल कोण, हा वाद कधीच मिटणार नाही व मिटूही नये. कारण जोड ठरविण्याची उमेद त्यातूनच उत्पन्न होते. परंतु निवाडा देण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद मिटल्याखेरीज पहिल्या वादाला अर्थ राहत नाही. एका राज्यात एकाच वर्षी दोन केसरी होतात, तेव्हा दोघांपैकी एकाच्याही गदेला तिचे पूर्ण मोल लाभत नाही, आणि त्यात दोघांपैकी कोणाही मल्लाचा अपराध नसतो. संघटनांनी आपसांतील तंटा मिटवून एक स्पर्धा भरवावी, प्रत्येक लढतीच्या चित्रीकरणाची फेरतपासणी नियमाने करावी, पंचांना शिक्षण, मानधन व संरक्षण द्यावे, आणि निकाल निःशंक नसेल त्या वर्षी किताब रिकामा ठेवण्याचे पूर्वसूरींचे धैर्य पुन्हा दाखवावे. म्हणजे पुण्याने महाराष्ट्राच्या कुस्तीला दिलेली ही गदा मल्लाच्या हाती पूर्ण सन्मानाने पडेल.