पट्टीचे रकाने आणि कोबोलचे ‘चित्र’

नवी मुंबईत वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांदा विकला गेला की शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते. नाव, गोण्या, वजन, दर, हमाली, तोलाई असे तिचे रकाने. नावाच्या जागी अक्षरे आणि गोण्यांच्या जागी अंक येणार, हे माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते आधी सांगावे लागते. यालाच चल घोषित करणे म्हणतात.

व्यापारी हिशेबासाठी अशा घोषणेचे नियम कसे घडले? १९५० च्या दशकात संगणक बदलला की आज्ञावली बहुधा नव्याने लिहावी लागे. हा खर्च टाळण्यासाठी मे १९५९ मध्ये अमेरिकेत पेंटागॉन येथे सरकारी खाती, उत्पादक आणि वापरणारे यांची बैठक झाली. त्या प्रयत्नांतून कोबोल ही भाषा जन्मली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेचा तिच्यावर मोठा प्रभाव होता.

आपली पट्टी कोबोलच्या धर्तीवर मांडू. मूळ लेखन रोमन लिपीत असते. येथे ते देवनागरीत दिले आहे.

०१ पट्टी.
०५ नाव पिक एक्स(२०).
०५ गोण्या पिक ९९९.
०५ दर पिक ९९व्ही९९.

०१ म्हणजे संपूर्ण नोंद, ०५ म्हणजे तिचे भाग. ‘पिक’ हे ‘पिक्चर’चे, म्हणजे चित्राचे, लघुरूप. एक्स म्हणजे कोणतेही चिन्ह, ९ म्हणजे एक अंक. व्ही ही दशांशचिन्हाची जागा. ते चिन्ह साठवले जात नाही, फक्त मानले जाते. ओळ पूर्णविरामाने संपते.

आता किलोचा दर १०५.५० रुपये झाला तर? रकान्यात दशांशाआधी दोनच अंक मावतात. डावीकडचा १ गळतो आणि उरतात ५.५० रुपये! ही कल्पना अशक्य नाही; डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या किरकोळ बाजारात कांदा शंभरीपार गेलाच होता.

वर्षाच्या बाबतीत नेमके हेच घडले. छिद्रपत्रावर जागा जेमतेम ८० रकान्यांची आणि संगणकाची स्मृतीही महाग. त्यामुळे वर्षाला ‘पिक ९९’ दिले जाई. १९९९ चे कर्ज २००० मध्ये मोजताना ०० वजा ९९, म्हणजे उणे ९९. घोषणेत ऋण चिन्हासाठी एस नसेल तर उणे गळते आणि एका वर्षाचे व्याज ९९ वर्षांचे होते. ‘पिक्चर’ची कल्पना मांडणारे बॉब बेमर यांनीच १९७१ मध्ये या धोक्याचा इशारा दिला होता. तो फारसा कोणी मनावर घेतला नाही. शेवटी १९९० च्या दशकात जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने तपासाव्या लागल्या. १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टीसीएससह अनेक भारतीय कंपन्यांनी हे काम केले.

चलाची घोषणा म्हणजे केवळ व्याकरण नव्हे. उद्या आकडा किती वाढेल, याचा तो अंदाज असतो. वर्गात मुलांना शाळेच्या हजेरीपटाचे रकाने ठरवायला सांगावे आणि विचारावे : तुमचा पट १००० झाला तर?