खारपाणपट्ट्यातली पऱ्हाटी

दिवाळीच्या पणतीतील वात ज्या कापसाची, त्याचा वऱ्हाडातील इतिहास मिठाला लागूनच आहे. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावांचा खारपाणपट्टा पसरला आहे. वर पाहावे तर काळीभोर जमीन. विहीर खणावी तर पाणी खारट!

पूर्वी या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढे त्यांच्या अमलात हा धंदा बंद पडला. १९३० साली मात्र अकोल्याच्या उत्तरेस दहीहांडा येथे, समुद्र शेकडो मैल दूर असताना, सत्याग्रहींनी विहिरीच्या खाऱ्या पाण्याचेच मीठ करून कायदा मोडला.

मीठ गेले, पऱ्हाटी राहिली. कापूस मुळात कोरड्या मुलखातला. बलुचिस्तानात मेहेरगढ येथे तांब्याच्या मण्यात सापडलेले त्याचे धागे सात हजार वर्षांहून जुने मानतात. खार कोवळ्या अंकुराला जाचतो. पण सोटमूळ एकदा खोल गेले की कडधान्यांपेक्षा कितीतरी अधिक खार पऱ्हाटी सोसते. पिवळे फूल उमलते, दुसऱ्या दिवशी तांबूस होते आणि मागे बोंड धरते.

अमेरिकेतील यादवीने (१८६१–६५) विलायतेच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. उमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात आमचा कापूस ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई.

परंतु ज्या मातीने व्यापाऱ्यांच्या पेढ्या उभ्या केल्या, तिने राबणाऱ्याला गोड पाणी दिले नाही. जमीन चोपण, त्यामुळे पाणी मुरत नाही. विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, म्हणून सारी भिस्त पावसावर. घागरभर गोड पाण्यासाठी आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या पायपीट केली. वाण धरणावरून अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेड्यांसाठी नळयोजना झाली; तरी साऱ्या पट्ट्याची तहान अजून भागलेली नाही.

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मी वर्गात सांगतो, तेव्हा मुलांचे डोळे चमकतात. मग मी त्यांना खाऱ्या विहिरीचीही गोष्ट सांगतो. सोने कोणी वेचले आणि तहान कोणी सोसली, हे कळल्यावाचून वऱ्हाडचा इतिहास पुरा होत नाही.