‘असावे’ आणि ‘आहे’: योगाच्या भाषेतील एक स्थित्यंतर

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरात सकाळच्या एका योगवर्गास आम्ही काही काळ जात होतो. सर्वांगासन करवून घेताना शिक्षक सांगत, ‘याने थायरॉइड संतुलित होते.’ एके दिवशी शेजारच्या बाईंनी विचारले, ‘मग गोळी सोडू का?’ तेव्हापासून ते वाक्य आमच्या मनात घर करून बसले.

आरोग्य म्हणजे साम्य, ही कल्पना प्राचीन आहे. सुश्रुताने दोष, अग्नी व धातू यांच्या समतेत स्वास्थ्य पाहिले. थायरॉइडची भाषा मात्र अर्वाचीन. ‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली लंडनमधील व्याख्यानांतून रूढ केला. शरीराच्या अंतर्गत समतोलास ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव वॉल्टर कॅनन यांनी १९२६ साली दिले.

या दोन भाषांचा सांधा आपल्याकडे जोडला तो जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद यांनी. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले व त्या निर्वातास आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. प्राणायामाचे मोल अधिक ऑक्सिजन मिळण्यात आहे, ही समजूतही त्यांनी मोजमाप करून तपासली आणि ती टिकत नाही असे सांगितले.

आसनांचे फळ ते मज्जासंस्था व अंतःस्रावी ग्रंथी यांच्या परिभाषेत मांडीत. परंतु आतड्यातील दाब मोजता येत होता, तसा रक्तातील हॉर्मोनचा सूक्ष्म अंश त्या काळी मोजता येत नव्हता. ती सोय रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांच्या पद्धतीने १९६०च्या सुमारास झाली. म्हणजे ग्रंथींविषयीचे विधान हे त्या काळी अनुमानच होते. पुढे ते तोंडोतोंडी फिरत गेले, तसे ‘असावे’चे ‘आहे’ झाले. साहित्याच्या अभ्यासकांस क्रियापदाच्या या बदलाचे महत्त्व सांगावयास नको.

ग्रंथी पुरेसा स्राव करीत नसेल, तर गोळी ती उणीव प्रत्यक्ष भरून काढते. आसन तिची जागा घेते असे कोणत्याही मोजमापाने सिद्ध झालेले नाही. आसनाने शरीर लवचीक राहील, मन निवेल. तेवढेही थोडे नव्हे. आम्ही त्या बाईंना एवढेच म्हटले, की वर्गास अवश्य या, पण गोळीचे डॉक्टरांनाच विचारा. कुवलयानंदांची खरी परंपरा मोजून पाहण्याची आहे, असे आम्हांस वाटते.