क्वागाचे कातडे

१८८३ च्या ऑगस्टच्या १२ तारखेस अ‍ॅम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात क्वागाची एक मादी मेली, तेव्हा आपण एका समग्र जातीचा अंत पाहत आहोत याची तेथील कारभाऱ्यांना वार्ताही नव्हती. मान आणि खांदे पट्टेदार, मागील अंग मात्र सरळ तपकिरी, असा हा दक्षिण आफ्रिकेच्या माळांवरचा प्राणी. त्याच्या ओरडण्यावरूनच खोईखोई लोकांनी त्याचे नाव पाडले होते. वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी त्याचे कळप निःशेष केले आणि मागे उरली ती मुख्यतः युरोपातील संग्रहालयांत विखुरलेली अवघी २३ कातडी. हा घोड्याचा सोयरा की झेब्र्याचा, हा वाद कवट्या मोजून सुटला नाही.

केप टाउनच्या संग्रहालयात मृत प्राण्यांत पेंढा भरण्याचे काम करणारे राइनहोल्ड राऊ यांनी १९६९ साली क्वागाच्या एका शिंगराची जुनी बांधणी उसवली, तेव्हा कातड्याच्या आतल्या अंगास वाळून चिकटलेले मांस त्यांना दिसले. आतली बाजू खरवडून स्वच्छ करणे हा त्या धंद्याचा पहिला धडा. तेव्हा जुन्या कारागिराची ही उघड कसूरच होती, परंतु राऊ यांनी ती कसूर केराच्या टोपलीत न टाकता जपून ठेवली. पुढे जर्मनीतील माइंझच्या क्वागांची कातडी हाताळताना मिळालेले तसलेच तुकडे कॅलिफोर्नियात पोहोचले, आणि बर्कली येथे अ‍ॅलन विल्सन यांच्या प्रयोगशाळेत रसेल हिगुची या तरुण संशोधकाने त्यांतून डीएनएचे त्रुटित धागे काढून, ते जिवाणूंत रोवून, त्यांच्या नकला वाढवल्या. १९८४ साली प्रसिद्ध झालेली डीएनएची अक्षरे केवळ २२९ होती. पण नामशेष प्राण्याची वंशाक्षरे वाचली जाण्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि त्यांनी कौल दिला तो झेब्र्याच्या बाजूने.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला येथे स्वांते पाबो हा विद्यार्थी, विषाणूंवरील आपला प्रबंध चालू असताना, मार्गदर्शकाच्या नकळत रात्री-अपरात्री ममींतील डीएनए शोधत होता. वाळलेल्या मांसात डीएनए टिकते की नाही याची खातरजमा करण्यासाठी त्याने बाजारातून वासराचे काळीज आणून प्रयोगशाळेच्या भट्टीत ५० अंशांवर वाळत घातले, आणि त्याच्या दुर्गंधीने ते गुपित जवळजवळ फुटले. ममींतील डीएनएवरील त्याचा निबंध वाचून विल्सन यांनी पत्र लिहिले ते ‘प्राध्यापक पाबो’ यांना, आणि त्यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करण्याची इच्छा कळवली. पाबोला अद्याप डॉक्टरेटही मिळालेली नव्हती! अखेर पाबोच बर्कलीस गेला. तेथे त्या दोघांनी पीसीआर या, डीएनएच्या नकला जिवाणूंविना वाढवण्याच्या नव्या पद्धतीने क्वागाची अक्षरे पुन्हा तपासली, आणि १९८८ साली जाहीर केले की मूळ वाचनातील दोन अक्षरे चुकीची होती. आपल्याच प्रयोगशाळेच्या कीर्तीस कारण झालेल्या लेखातील चूक स्वहस्ते दुरुस्त करणे, हे मला त्या २२९ अक्षरांहूनही मोठे वाटते.

क्वागा गेला त्याच १८८३ सालच्या सप्टेंबरात मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या संग्रहातही पशुपक्ष्यांची हजारो कातडी आहेत. अशा जुन्या संग्रहांचा सांभाळ ज्यांच्या हाती आहे त्यांनी साफसफाई करताना कातड्याच्या आतल्या बाजूचा वाळला कणही टाकून देऊ नये, एवढी विनंती आहे.