परदेशातील विवाह
परदेशातील विवाह : वधूवर ज्या देशाचे नागरिक किंवा अधिवासी असतील, त्या देशाच्या सीमेबाहेर लागलेला विवाह. असा विवाह वैध ठरण्यासाठी कोणत्या देशाचा कायदा पाळावयाचा, हा खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्यातील एक जुना प्रश्न आहे. त्याचे सर्वसाधारणपणे मान्य झालेले उत्तर दुहेरी आहे. पूर्वसूचना, साक्षीदार, नोंदणी, विवाह लावणाऱ्याचा अधिकार इ. बाह्य विधी जेथे विवाह लागतो तेथील कायद्याप्रमाणे पाळावे लागतात. मात्र वय, निषिद्ध नाते, पूर्वीच्या विवाहाचे बंधन इ. क्षमतेच्या बाबी वधूवरांच्या स्वतःच्या देशाच्या कायद्याने ठरतात. ही विभागणी केवळ विद्वानांच्या चर्चेतून निर्माण झालेली नाही. तिच्यामागे दीर्घकाळ चाललेले खटले आहेत आणि त्यांत पत्नीचा दर्जा, अपत्यांचे औरसत्व व वारसाहक्क पणाला लागलेले होते.

मध्ययुगीन पश्चिम यूरोपात हा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. कारण विवाहाचा कायदा हा चर्चचा कायदा होता व तो बहुतेक सर्वत्र सारखाच होता. उभयतांनी परस्परांचा पतिपत्नी म्हणून स्वीकार केल्याचे शब्द उच्चारले, की विवाह पूर्ण होई. धर्मगुरू उपस्थित नसल्यास तो नियमबाह्य समजला जाई. परंतु अवैध ठरत नसे. गुप्त विवाहांमुळे माजलेला गोंधळ थांबविण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ‘तामेत्सी’ या नावाने ओळखला जाणारा आदेश काढला आणि स्थानिक धर्मगुरू व दोन किंवा तीन साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. जेथे हा आदेश जाहीर करण्यात आला तेथेच तो लागू झाला. इंग्लंड व स्कॉटलंड हे प्रॉटेस्टंट देश त्यापासून दूर राहिले व तेथे जुनाच नियम चालू राहिला. परिणामी, एका देशात विवाह ठरणारे कृत्य शेजारच्या देशात निरर्थक ठरू लागले.

इंग्लंडमध्ये हा जुना नियम लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या कायद्याने संपुष्टात आणला. लंडनमधील फ्लीट तुरुंगाच्या परिसरात पैसे घेऊन तत्काळ लग्ने लावून देण्याचा धंदा तोपर्यंत तेजीत होता. नव्या कायद्यान्वये चर्चमध्ये पूर्वघोषणा करून किंवा परवाना काढून, चर्चमध्येच विवाह करणे आवश्यक झाले. एकवीस वर्षांखालील व्यक्तीस परवान्याने विवाह करावयाचा असल्यास पालकांची संमती लागू लागली. ज्यू व क्वेकर पंथीय यांना या कायद्यातून वगळण्यात आले होते. स्कॉटलंडलाही तो लागू नव्हता. १७०७ पासून दोन्ही राज्ये एक झाली असली, तरी स्कॉटलंडची कायदेपद्धती स्वतंत्र राहिली होती व विवाहाच्या बाबतीत तो इंग्रजांना परदेशच होता. पालकांचा विरोध असलेली इंग्रज जोडपी त्यामुळे उत्तरेकडे पळ काढू लागली. सीमा ओलांडताच लागणारे ग्रेटना ग्रीन हे खेडे अशा विवाहांसाठी प्रसिद्धीस आले. तेथे लोहाराने ऐरणीवर हातोडा मारून विवाह लावावा, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः लोहाराचीच काय, कोणाही पुरोहिताची कायद्याला गरज नव्हती. साक्षीदारांसमोर केलेली घोषणा पुरेशी होती.

असे विवाह इंग्लंडमध्ये वैध मानावयाचे की नाहीत, याचा निर्णय १७६८ मध्ये कॉम्प्टन विरुद्ध बेअरक्रॉफ्ट या खटल्यात विवाहाच्या बाजूने लागला. या तत्त्वाची सविस्तर मांडणी मात्र १८११ च्या डॅल्‌रिंपल खटल्यात सर विल्यम स्कॉट (पुढे लॉर्ड स्टोवेल) यांनी केली. एका तरुण इंग्रज सेनाधिकाऱ्याने एडिंबरो येथे असताना एका स्त्रीशी लेखी वचनांद्वारा गुप्तपणे विवाहबंधन स्वीकारले होते. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने दुसरीशी रीतसर विवाह केला. खटला इंग्रज न्यायालयापुढे होता, म्हणून निर्णय इंग्रज कायद्यानेच व्हावयास हवा. परंतु इंग्रज कायदाच सांगतो, की हक्क जेथे उत्पन्न झाला तेथील कायदा पाहावा, असे स्कॉट यांचे प्रतिपादन होते. पहिला विवाह वैध ठरला. स्त्रीला दिलेले वचन सीमा ओलांडून झटकून टाकता येत नाही, हा या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ होय. पळून जाणाऱ्यांच्या सोयीसाठी निघालेला नियम येथे फसवणुकीपासून संरक्षण देणारा ठरला, हे लक्षणीय आहे. ग्रेटना ग्रीनचा मार्ग १८५६ च्या कायद्याने बराचसा रोखला. विवाहापूर्वी किमान एका पक्षाने एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये वास्तव्य करणे त्याने आवश्यक केले. केवळ घोषणेने होणारे विवाह १९४० पासून बंद झाले.

विधीपुरता स्थानिक कायदा मानण्याची ही उदारता क्षमतेच्या प्रश्नाशी येऊन थांबली. मृत पत्नीच्या बहिणीशी केलेला विवाह इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने मुळातच अवैध ठरविला होता. आपल्याकडे अशा विवाहास, विशेषतः पहिल्या पत्नीची मुले लहान असताना, समाजाची सहसा संमतीच असते. इंग्लंडमध्ये मात्र तो धर्मशास्त्राचा प्रश्न झाला होता. ज्यांना ऐपत होती ते यूरोप खंडात जाऊन असा विवाह करीत. विल्यम ली ब्रुक या विधुराने १८५० मध्ये हँबर्गनजीकच्या, तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखालील व्हांट्सबेक येथे मेहुणीशी विवाह केला. स्थानिक कायद्याप्रमाणे तो निर्दोष होता. पुढे पतिपत्नी दोघेही मरण पावल्यावर मालमत्तेचा वाद उद्‌भवला. उमरावांच्या सभागृहाने १८६१ मध्ये निर्णय दिला, की उभयतांचा अधिवास इंग्लंडमध्ये असल्यामुळे त्यांची क्षमता इंग्रज कायद्यानेच ठरते. सबब विवाह अवैध व अपत्ये अनौरस होत. आईबापांच्या प्रवासाचा दंड असा अनाथ मुलांना भरावा लागला. हे निर्बंध १९०७ च्या कायद्याने उठले. परंतु ब्रुक खटल्यातील तत्त्व टिकून राहिले.

यूरोप खंडात हेच तत्त्व अधिवासाऐवजी राष्ट्रीयत्वाशी जोडले गेले. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेनुसार परदेशी स्थानिक विधीप्रमाणे लागलेला फ्रेंच नागरिकाचा विवाह वैध होता. मात्र त्याची घोषणा आधी फ्रान्समध्ये व्हावी व फ्रेंच कायद्याने घातलेल्या क्षमतेच्या अटी पाळल्या जाव्यात, असे बंधन होते. १९०२ च्या हेग करारानेही विवाहाचा हक्क प्रत्येकाच्या राष्ट्रीय कायद्यावर सोपविला. परदेशी वधूवरांकडून त्यांच्या सरकारचे विवाहक्षमतेचे प्रमाणपत्र मागण्याची अनेक देशांतील प्रथा याच विचारातून आलेली आहे. जन्मदाखला, अविवाहित असल्याचा पुरावा, घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्युदाखला ही कागदपत्रे त्यासोबत लागतात. त्यांच्या प्रमाणीकरणाची किचकट साखळी १९६१ च्या हेग कराराने ‘अपोस्टिल’ या एका शिक्क्यावर आणली; भारतात हा करार २००५ पासून लागू आहे.

विवाहाच्या मान्यतेचा सर्वांत कठोर अनुभव भारतीयांना दक्षिण आफ्रिकेत आला. इंग्लंडमधील न्यायालयाने १८६६ मध्ये हाइड खटल्यात, ख्रिस्ती जगात रूढ असलेला एकपत्नीक विवाह तोच विवाह, अशी व्याख्या करून यूटामधील मॉर्मन विवाहावर वैवाहिक दाद देण्याचे नाकारले होते. हीच विचारसरणी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी १४ मार्च १९१३ रोजी एका मुस्लिम स्त्रीच्या प्रवेशाच्या प्रकरणात अनुसरली. ज्या धर्मात बहुपत्नीकत्वास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेला विवाह पतीला एकच पत्नी असली तरी मान्य करता येत नाही, असा या निकालाचा आशय होता. भारतात विधिवत विवाह झालेल्या हजारो हिंदू, मुस्लिम व पारशी स्त्रिया त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने पत्नी उरल्या नाहीत. पतीमागे त्या देशात येण्याचा त्यांचा हक्क व मुलांचा वारसा दोन्ही धोक्यात आले. महात्मा गांधींच्या सत्याग्रहात स्त्रिया प्रथमच मोठ्या संख्येने उतरल्या, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांनी परवान्यावाचून ट्रान्सव्हालची सीमा ओलांडून कारावास पतकरला. आदल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून आलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारतात या लढ्यासाठी निधी व लोकमत उभे केले. १९१४ च्या भारतीय साहाय्य अधिनियमाने वस्तुतः एकपत्नीक असलेल्या अशा विवाहांस मान्यता दिली आणि तीन पौंडांचा कर रद्द केला. कराचा इतिहास सर्वत्र सांगितला जातो. विवाहाच्या तरतुदीकडे त्या मानाने दुर्लक्ष होते.

स्वतंत्र भारताचा या विषयावरील मुख्य कायदा म्हणजे १९६९ चा विदेशी विवाह अधिनियम होय. विधी आयोगाने १९६२ मध्ये दिलेल्या अहवालातून तो आकारास आला. वधूवरांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावा, वराचे वय किमान २१ व वधूचे १८ वर्षे असावे, कोणाचाही पूर्वीचा जोडीदार हयात नसावा आणि उभयता निषिद्ध नात्यातील नसावीत, या त्यातील प्रमुख अटी आहेत. निषिद्ध नात्याच्या बाबतीत रूढीचा अपवाद मान्य आहे. विवाह अधिकारी म्हणून नेमलेल्या राजदूतावासातील वा वाणिज्यदूतावासातील अधिकाऱ्याकडे सूचना द्यावी लागते. सूचनेपूर्वी किमान एका पक्षाचे त्याच्या क्षेत्रात सलग तीस दिवस वास्तव्य हवे. नंतर आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत असते. विवाह तीन साक्षीदारांसमोर होतो. स्थानिक कायदा त्यास मनाई करीत असेल, तर अधिकारी नकार देऊ शकतो. स्थानिक पद्धतीने आधीच विवाह केलेल्यांना त्याची नोंदणी या अधिनियमाखाली करता येते. तथापि त्यासाठीही उपर्युक्त अटी पूर्ण व्हाव्या लागतात. अधिनियमाबाहेर परदेशात लागलेले विवाह केवळ त्या कारणास्तव अवैध ठरत नाहीत.

घरचा कायदा टाळण्यासाठी सीमा ओलांडण्याची प्रवृत्ती संपलेली नाही. इझ्राएलमध्ये नागरी विवाहाची सर्वसाधारण सोय नसल्याने भिन्नधर्मीय जोडपी सायप्रसला जातात. तेथे लागलेले विवाह नोंदणीपुस्तकात घेतलेच पाहिजेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. उलट, इंग्लंड व वेल्समध्ये किमान विवाहवय २०२३ पासून १८ वर्षे करण्यात आले, तेव्हा तेथील अधिवासी व्यक्तीने त्यापूर्वीच्या वयात परदेशी केलेला विवाहही अवैध ठरविण्यात आला. स्कॉटलंडमध्ये १६ व्या वर्षी विवाहास मुभा असूनही ग्रेटना ग्रीनचा मार्ग अशा इंग्रज जोडप्यांना आता मोकळा नाही.