टबातलं सफरचंद

सफरचंदात जवळपास चौथा हिस्सा हवा असते, म्हणून ते पाण्यावर तरंगतं. हॅलोविनचा जुना खेळ यावरच उभा आहे. टबात सफरचंदं सोडायची, हात पाठीमागे बांधायचे आणि फळ दातांनी उचलायचं. ओठ लागताच ते बुडी मारून पलीकडे निघतं. मग डोकं पार पाण्यात घालून फळ तळाशी दाबावं लागतं. कॉलर भिजते, केसांतून पाणी गळतं, भोवतालचे हसतात. हॅलोविनच्या रहस्यकथांची कुळकथा सांगायची तर मी भोपळ्यापासून नव्हे, या टबापासून सुरुवात करीन.

३१ ऑक्टोबर हा केल्ट लोकांच्या वर्षाचा सांधा. सुगी संपलेली, गुरं उन्हाळी कुरणांवरून परतलेली. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांना दिला. त्याची आदली संध्याकाळ ती ‘ऑल हॅलोज ईव्हन’. बोलता बोलता झिजून तिचं हॅलोविन झालं. २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा. त्या दिवशी गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती कुटुंबं आजही आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात.

रॉबर्ट बर्न्सची ‘हॅलोविन’ ही कविता १७८६ मध्ये छापून आली. तिच्यातली रात्र भुतांइतकीच लग्नाळू पोरींची आहे. शेकोटीत दोन हेझलनट शेजारी ठेवून जोडा जमतो का ते बघायचं, आरशासमोर सफरचंद खात होणाऱ्या नवऱ्याचा चेहरा शोधायचा. आयरिश चित्रकार डॅनियल मॅक्लीसने १८३३ मध्ये ‘स्नॅप-अ‍ॅपल नाइट’ रंगवलं, तेही ब्लार्नी गावची अशी एक मेजवानी पाहून. त्यात घर माणसांनी गच्च भरलंय, नाच चाललाय, पोरं टबावर वाकलीत. दुष्काळात देशोधडीला लागलेल्या आयरिश लोकांनी हे खेळ अमेरिकेत नेले. सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा तिथे भोपळ्याने घेतली.

या सगळ्यात रहस्यकथा दडली आहे हे अगाथा ख्रिस्तीने नेमकं हेरलं. १९६९ च्या ‘हॅलोविन पार्टी’त एक मुलगी तयारीच्या वेळी सांगते, मी एकदा खून होताना पाहिलाय. कुणी लक्ष देत नाही. मेजवानी संपते तेव्हा ती सफरचंदांच्या बादलीत बुडवून मारलेली सापडते. आरशात नवरा बघण्याचा खेळही त्या घरात आहे. ख्रिस्तीने वेगळं काही रचलेलं नाही; खेळात डोकं पाण्यात जातंच, फक्त या वेळी ते कुणीतरी वर येऊ दिलं नाही.

छोटं गाव, ओळखीची माणसं, रक्तपाताची वर्णनं टाळणारी ‘कोझी’ रहस्यकथा सणांना बिलगते, ती याचमुळे. एरवी दार लावून बसणारं गाव सणाला एका छताखाली येतं. जुनी वैरं एकाच टेबलाशी बसतात. ख्रिस्तीनेच १९३८ मध्ये नाताळ असा वापरला होता. हॅलोविनला तर मुखवटे असतात, दिवे मालवतात, आणि घाबरून किंचाळलेलं कुणी मनावर घेत नाही. लिहिणाऱ्याला याहून काय हवं? सणाच्या चालीरीती आधी बारकाईने बघाव्यात. गुन्ह्याची जागा त्याच दाखवतात, आणि सुगावाही.

‘हॅलोविन पार्टी’त ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो त्या घरी चौकशीला येतो तेव्हा त्याला एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या रात्री कुणाचे कपडे भिजले होते?